कोयता म्हणजे किती माणसं?

नारायणगडाला आमच्या बीड जिल्ह्यात धाकटी पंढरी म्हणतात. दसरा-दिवाळी उरकली की या भागातल्या कितीतरी घरांना कुलपं लागतात. माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघून जातात. त्यामुळे इथं 'कोयता' हा शब्द नुसता हत्यारापुरता राहिलेला नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर आणि टोळी मोजतो तीही कोयत्यावर. एकटाच माणूस असला तर तो 'अर्धा कोयता'. इथल्या पोरासोरांनाही हे ठाऊक असतं. संगणकाला मात्र ते सांगावं लागतं, आणि त्याच्या पुढच्या पानावर काम करणाऱ्या माणसालाही.

प्रोग्राम लिहिताना आपण मधेमधे टिपा लिहितो. त्यांना कॉमेंट म्हणतात. संगणक त्या ओलांडून पुढं जातो, कारण त्या माणसांसाठी असतात. हजारो ओळींतून टिपा शोधत बसणं अवघड, म्हणून त्या गोळा करून वाचनीय पानं बनवणारी साधनं निघाली. जावासोबत जावाडॉक आलं, 1997 मध्ये डॉक्सिजन आलं, 2008 मध्ये पायथनवाल्यांसाठी स्फिंक्स आलं. या साधनांवर माझी रोजीरोटी चालते, त्यामुळे त्यांची किंमत मला कळते. पण त्यांच्यात एक मोठी उणीव आहे. टीप खरी आहे की खोटी, हे ती विचारत नाहीत. मिळेल ते सुबक अक्षरात छापतात.

ऊसतोडीच्या हिशोबाचा एक प्रोग्राम माझ्याकडं दुरुस्तीला आला होता. त्यातल्या एका फंक्शनवर टीप होती, 'टोळीतील मजुरांची संख्या देते'. आतला कोड मात्र कोयते मोजत होता. स्फिंक्सनं ती टीप जशीच्या तशी पानावर चढवली. पुढं दुसऱ्या कुणी त्या पानावर विसंबून विम्याच्या यादीचा प्रोग्राम लिहिला. 12 कोयत्यांच्या टोळीची यादी निघाली 12 नावांची. कोयता पुरुषाच्या नावावर लागतो, म्हणून बारा नवरे यादीत आले. त्यांच्या बरोबरीनं मोळ्या बांधणाऱ्या, डोक्यावरून वाहणाऱ्या बारा बायका कागदावर नव्हत्याच. यादी वाचून दाखवताना टोळीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आन् बायका कुठं गेल्या?" म्हणून ती पुढं जायची थांबली.

अशा चुका साधनानं पकडाव्यात, ही मागणी काही अवाजवी नाही. 2014 साली जावा 8 आली तेव्हा जावाडॉक कडक झालं. कोडमध्ये नसलेल्या गोष्टीचा टिपेत उल्लेख असला की ते चूक दाखवून थांबू लागलं. जुन्या प्रकल्पांत अशा चुकांचा ढीग निघाला आणि कितीतरी लोकांनी ती तपासणीच बंद करून टाकली. पण ती चालू असती तरी आमची चूक सापडली नसती. टिपेचं व्याकरण ठीक होतं, नावं ठीक होती. खोटा होता तो अर्थ.

अर्थ तपासायचा एक साधा मार्ग पायथनमध्ये 2001 पासून आहे. त्याला डॉकटेस्ट म्हणतात. टिपेतच उदाहरण लिहायचं, 12 कोयत्यांच्या टोळीत माणसं 24. साधन ते उदाहरण खरोखर चालवून बघतं. उत्तर 12 आलं की टीप आणि कोड यांचं भांडण उघड होतं. रस्ट भाषेत तर टिपांमधली उदाहरणं नेहमीच्या चाचण्यांबरोबर आपोआप चालतात. स्फिंक्समध्ये शब्दसूचीचीही सोय आहे. 'कोयता' आणि 'अर्धा कोयता' यांचे अर्थ एकदाच लिहायचे आणि प्रत्येक पानावरून तिथं दुवा द्यायचा. माझ्या मते या गोष्टी मर्जीवर सोडू नयेत. उदाहरण नसलेली टीप पानावर वेगळ्या रंगात दिसावी. कोड बदलला आणि टीप जुनीच राहिली, तर तेही तिथंच लिहिलेलं असावं.

आपल्या जुन्या अरबी-फारसी किताबांची मांडणी आठवा. मधोमध मूळ मजकूर, त्याच्या भोवती शरह, कडेला हाशिया. वाचणाऱ्याची नजर मूळ आणि टीप यांच्यात सतत ये-जा करते, म्हणून तफावत लपत नाही. माझे अब्बा एका मुकादमाची वही लिहायचे. तिच्या समासात बारीक अक्षरात नोंदी असायच्या, 'अर्धा, बायको बाळंतीण'. आकड्याला खेटूनच कारण. आपली साधनं मात्र टीप उचलून कोडपासून लांब नेतात आणि दोघांची गाठभेटच होऊ देत नाहीत. प्रत्येक टिपेशेजारी तिचा कोड एका टिचकीवर उघडावा, एवढी सोय बऱ्याच साधनांत आहे. ती बंद ठेवण्यात काही शहाणपण नाही.

आता कोड वाचून टिपा लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे. तिला हे फंक्शन दिलं तर ती कदाचित 'कोयत्यांची संख्या देते' असं लिहील आणि ते शब्दशः बरोबरही असेल. वाचणारा पुण्या-मुंबईचा असला तर तो लोखंडी कोयते मोजेल. एका कोयत्यात दोन जीव असतात, ही गोष्ट त्या कोडमध्ये कुठंच नाही. ती फडात आहे, मुकादमाच्या वहीत आहे, त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नात आहे.

म्हणून साधनांनी रिकामी जागा गोड वाक्यांनी भरू नये. ती रिकामी दाखवावी आणि लिहिणाऱ्याला विचारावं की हे कुणाला विचारून लिहिलंस? त्या दुरुस्तीत मी 24 चं उदाहरण टिपेत घातलं. दुसरं उदाहरण साडेबारा कोयत्यांचं घातलं, माणसं 25. आता कुणी तो कोड बदलून बायका पुन्हा वगळल्या, तर पान तयारच होणार नाही.