तापलेल्या गाडीची परीक्षा

पेडगावच्या अण्णांनी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी आयुष्यातील पहिली ऑटोमॅटिक गाडी घेतली. हौसेचे वय तेव्हा सरले होते. डावा गुडघा क्लच दाबू देत नव्हता आणि परभणीच्या मोंढ्यात आठवड्यातून चार फेऱ्या घातल्याखेरीज आडत चालणार नव्हती. मुलगा हैदराबादेस नोकरीत. ड्रायव्हर ठेवावा इतके धंद्यात आता उरत नाही, हे अण्णा स्वतःच बोलून दाखवीत. तेव्हा पुण्याहून दहा वर्षे वापरलेली एक गाडी साडेतीन लाखांस आली. सोयाबीनच्या हंगामासाठी राखलेल्या भांडवलातून ही रक्कम गेली. घरात हे सर्वांस ठाऊक होते, तरी त्याविषयी कोणी शब्द काढला नाही.

ज्या माणसाने चाळीस वर्षे पोत्यात पारखी खुपसून मधला माल पाहिला, सोयाबीनची ओल १२ टक्क्यांवर दिसली की भाव तिथेच थांबवला, त्याने गाडी घेताना रंग, टायर आणि गाद्या पाहिल्या. सकाळी नऊ वाजता, थंड इंजिनावर, सपाट रस्त्यावर दोन किलोमीटरची एक फेरी मारली. ऑटोमॅटिक गाडीचा दोष लपण्यास याहून सोयीची वेळ नाही. पण हे त्यांना पुढे कळले.

दोष प्रथम दिसला तो जिंतूरजवळ, नेमगिरीच्या वाटेवर. शेजारी काकू बसलेल्या, मागे नातवंडे. दुपारचे ऊन, तास-दीड तासाची वाटचाल झालेली. चढ लागताच इंजिनाचा आवाज एकाएकी चढला, काटा साडेतीन हजारांवर गेला, आणि गाडी मात्र जिथल्या तिथे रेंगाळली. चिखलात चाक फिरावे तशी ती अवस्था. फरक इतकाच की चाके फिरत नव्हती, फिरत होते ते केवळ इंजिन. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता. अण्णांनी पाय सैल केला, क्षणभराने धक्का बसून गाडीने पकड घेतली. काकूंनी काहीच विचारले नाही. परतताना मात्र नातवंडांना त्यांनी बसने आणले.

परभणीच्या पहिल्या मिस्त्रीने फेरी न मारताच निदान केले : "क्लच प्लेट गेली, बारा हजार लागतील." येथे थोडे थांबून सांगावयास हवे, कारण ही गफलत आज घरोघर होते. आपल्याकडे 'ऑटोमॅटिक' या एकाच नावाखाली चार निरनिराळी यंत्रे विकली जातात. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर स्वस्तात आलेली एएमटी ही खरे तर साधीच गिअरबॉक्स. तिचा क्लच पायाऐवजी यंत्र दाबते. तिची प्लेट झिजते आणि बदलताही येते. दुसरी सीव्हीटी, तीत दातेरी चक्रांऐवजी पट्टा आणि पुली. तिसरी दोन क्लचांची. चौथी आणि सर्वांत जुन्या घराण्यातली ती टॉर्क कन्व्हर्टरची. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ च्या सुमारास जहाजांसाठी द्रवातून शक्ती वाहून नेण्याची युक्ती काढली. तिचाच हा वंश. तीत इंजिन आणि चाके यांच्यामध्ये तेल असते. तेच शक्ती पोचवते, तेच आतल्या क्लचांवर दाब देते आणि तेच उष्णताही वाहून नेते. अण्णांची गाडी या चौथ्या जातीची होती. तिला पायाने दाबायची 'क्लच प्लेट' नाहीच. मिस्त्रीच्या मनात कपट होते असे नव्हे. त्याच्या दारी रोज एएमटीच येत.

पुतण्याला हे पटले, पण त्याचा उपाय वेगळा होता. "काका, पुण्याच्या त्या माणसाला फोन लावा. नाही तर सगळे तेल यंत्राने धुऊन काढू आणि गाडी देऊन टाकू. थंड असताना काही कळत नाही." शेवटचे वाक्य तो हळू बोलला. अण्णांनी फोन लावला. समोरच्याने सांगितले, विकताना गाडी उत्तम होती. ते खोटे म्हणावे असा पुरावा हाती नव्हता. गाडी त्या वेळी उत्तमच तर चालली होती.

अखेर ओळखीतून छत्रपती संभाजीनगरच्या एका वर्कशॉपचा पत्ता मिळाला. तेथील मिस्त्री वयाने अण्णांएवढाच, बोलणे तुटक. त्याने प्रथम विचारले, "थंड असताना घसरते की तापल्यावर? एकाच गिअरात की सगळ्यांत? रिव्हर्समध्ये?" अण्णांना पहिल्याच प्रश्नाचे उत्तर येत होते. मग त्याने अर्धा तास गाडी फिरवून तापवली, सपाट फरशीवर उभी केली, इंजिन चालू ठेवून लिव्हर प्रत्येक स्थानावर क्षणभर थांबवत परत 'पी'वर आणला आणि डिपस्टिक काढली. (सर्वच गाड्यांत अशी कांडी नसते, आणि काहींत इंजिन बंद करून पाहावे लागते, गाडीचे पुस्तक सांगेल तेच खरे.) तेलाची ओल खालच्या खुणेलाही पोचली नव्हती. त्याने पांढऱ्या फडक्यावर थेंब टिपला. नवे तेल लालभडक असते. हे काळपट तपकिरी होते. नाकाशी धरले तर जळका वास, पण उग्र नाही.

तेल संपते कुठे? ते इंजिनतेलासारखे जळून जात नाही. कमी झाले तर गळालेच. गाडी वर उचलल्यावर कूलरकडे जाणारी एक नळी जोडापाशी ओलसर सापडली. तेल कमी पडले की चढावर ते एका बाजूस सरकते, पंप हवा ओढतो, दाब कोसळतो. दाब कोसळला की आतले क्लच एकमेकांस घट्ट धरत नाहीत. त्यात उन्हाने तेल पातळ झालेले. नेमगिरीवर जे घडले त्याची साखळी अशी जुळली. स्कॅनरवर पी ०७३० हा कोड होता : गिअरबॉक्सच्या तोंडाची आणि शेपटाची गती यांचे गुणोत्तर जुळत नाही. अण्णा म्हणाले, "म्हणजे आवक आणि जावक यांचा मेळ लागत नाही." मिस्त्री प्रथमच हसला.

नळी बदलली. खालचे भांडे उघडले तेव्हा चुंबकावर राखाडी, मेणासारखा लेप होता. तेवढे वयोमानाने होतेच. परंतु बोटाने चोळल्यावर काही काळे, कागदासारखे कणही लागले. ते क्लचच्या अस्तराचे. धातूचे तुकडे नव्हते. पुतण्याने सगळे तेल यंत्राने धुण्याचा आग्रह धरला, तो मिस्त्रीने मानला नाही. झिजलेल्या गिअरबॉक्समध्ये जोराने तेल फिरवल्यास सुटलेला मळ बारीक वाटांत जाऊन अडकण्याची भीती असते. त्याने भांड्यातले तेवढेच काढले, फिल्टर बदलला, पुस्तकात लिहिलेल्याच प्रतीचे तेल खुणेपर्यंत भरले, आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा तसेच करावयास सांगितले.

मग शेवटची परीक्षा, जी तेल पूर्ण भरल्याशिवाय करण्यात अर्थ नसतो. चाकांना अडसर, हँडब्रेक ओढलेला, समोर कोणी नाही. ब्रेक पूर्ण दाबून 'डी'मध्ये अॅक्सिलरेटर तळाशी, पाच सेकंदांच्या आत सोडून द्यायचा. याहून जास्त धरले तर परीक्षेनेच गिअरबॉक्स जळावी. 'आर'मध्ये काटा मर्यादेत थांबला. 'डी'मध्ये तो मर्यादा ओलांडून वर गेला. दोन्हीकडे वर गेला असता तर दाबच अपुरा म्हणता आला असता. एकाच बाजूला गेला, म्हणजे पुढे जाण्याचा क्लच झिजला आहे.

"किती चालेल?" अण्णांनी विचारले.

"गाव ते मोंढा, हळू, तेल पाहत : दोन वर्षेही चालेल. चढ, भार, ऊन : दोन महिनेही नाही. खोलायची तर नव्वद हजार धरा." बिल झाले साडेनऊ हजारांचे.

परतीच्या वाटेवर पुतण्या गप्प होता आणि गाडी सुरेख चालत होती. हेच अवघड होते. महिन्याभरात मानवतच्या एका ओळखीच्या कापड व्यापाऱ्याने तीन लाख दहा हजारांची मागणी घातली. त्यालाही ऑटोमॅटिकच हवी होती. आईच्या दवाखान्याच्या फेऱ्या होत्या. रक्कम हाती आली तर हंगामाचे भांडवल जवळजवळ भरून निघणार होते. काकू फक्त इतकेच म्हणाल्या, "येताहेत कधी ते?"

ते सकाळी यावयाचे होते. अण्णांनी त्यांना दुपारी तीनला बोलावले, आणि त्यापूर्वी स्वतः पाऊण तास गाडी फिरवून आणली. पाहुण्यांना शेजारी बसवून परभणीचा रस्ता धरला, आणि उड्डाणपुलाच्या चढावर पाय तळाशी दाबला. काटा उडाला. "हे ऐका," अण्णा म्हणाले. पुढे चुंबकावरचे काळे कण, 'डी'मधली परीक्षा, नव्वद हजारांचा अंदाज, सगळे वर्कशॉपच्या बिलासह त्यांच्या हाती दिले. पाहुणे चहा घेऊन गेले. घरी विचारून कळवतो म्हणाले. फोन आला नाही.

त्या हंगामात अण्णांनी सोयाबीन कमी घेतले. पुतण्याने उरलेल्या मालासाठी आपल्या नावावर उचल काढली आणि ती काकांना आठवड्यानंतर सांगितली.

गाडी अजून पेडगावातच आहे. पत्र्याच्या शेडखाली सपाट फरशीचा एक तुकडा खास तिच्यासाठी घातला आहे. दर रविवारी मोंढ्यातून आल्यावर, इंजिन चालू असतानाच, अण्णा डिपस्टिक काढतात आणि जुन्या धोतराच्या पांढऱ्या फडक्यावर पुसतात. फडकी टाकून न देता पुतण्याने ती तारखा घालून खिळ्याला टांगली आहेत. पहिले तपकिरी आहे, अलीकडची बरीच लाल.