कला अकादमीच्या कॅन्टीनमधलं नाताळचं जेवण

डिसेंबर लागला की आम्हा गोव्याच्या माहेरवाशिणींना बेबिंका आठवते. मी लग्न होऊन बेळगावात आले त्याला आता तीसच्या वर वर्षं झाली. इथेही कॅम्पातल्या बेकरीत नाताळचा केक मिळतो, मुलांना तो आवडतो. पण आज लिहायचंय ते १९८८ च्या नाताळातल्या एका जेवणाबद्दल. ते जेवण ना त्यांच्या घरी झालं ना आमच्या. झालं पणजीत, कला अकादमीच्या कॅन्टीनमध्ये. बाबांनी पन्नाशी ओलांडली होती आणि नाताळचं जेवण ते आयुष्यात पहिल्यांदा जेवत होते.

आमचं गाव बार्देशात. शेजारी मेस्त राहायचे. चर्चमध्ये गाणं-वाजवणं शिकवणाऱ्याला आमच्याकडे मेस्त म्हणत. व्हायोलिन आणि ट्रंपेट, दोन्हींत त्यांचा हात चालायचा. नाताळला त्यांच्याकडून कोंसुवाद यायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कोंसुवाद म्हणजे नाताळच्या गोडाचं ताट, वर विणलेला पांढरा रुमाल. त्यात नेवऱ्या, दोदोल, चण्याच्या डाळीचा दोस, कुलकुल, पेरूचा पेराद आणि बेबिंका. आणि आजीसाठी वेगळी केळ्यांची फणी, कारण शिजवलेलं ती घेणार नाही हे मेस्तांच्या बायकोला पक्कं माहीत. आम्ही मुलं त्यांना तिया म्हणायचो. चवथीला आमच्याकडून नेवऱ्या जायच्या. म्हणजे नेवऱ्या दोन्हीकडून, फक्त महिने वेगळे!

आजीचा नियम साधा होता. त्यांच्याकडचं घ्यावं, त्यांच्याकडे बसून जेवू नये. बाबांना स्वतःला सोवळ्याओवळ्याचं काही नव्हतं, पण आजी असेपर्यंत तिच्या शब्दाबाहेर जायचं नाही हे त्यांनी ठरवलेलं. मेस्तांकडे गेले की बाल्कांवात बसत, पेरादाचा तुकडा तोंडात टाकत, आणि जेवायची वेळ झाली की उठत. मेस्तही आग्रह करत नसत. कळायचं त्यांना.

दोघांची खरी दोस्ती नाटकावरची. बाबा मराठी शाळेत मास्तर आणि जत्रेच्या नाटकाचे आमच्या गावचे सर्वेसर्वा. पौराणिक नाटक असलं की मेस्त व्हायोलिन घेऊन साथीला बसायचे. एक सांगायला हवं, बाहेरच्यांना हे कळत नाही. आम्ही घरात कोंकणीच बोलायचो. बाबा पत्र लिहायचे मराठीत, नाटक करायचे मराठीत, देवाची आरती मराठीत आणि आजीशी भांडायचे कोंकणीत. त्यात त्यांना कधी काही विसंगत वाटलं नाही, मलाही वाटत नाही.

मग राजभाषेचं आंदोलन आलं. १९८५ ते ८७ ची ती दोन वर्षं ज्यांनी गोव्यात काढली त्यांना वेगळं सांगायला नको. डिसेंबर १९८६ मध्ये रस्त्यांवर झाडं आडवी पडली होती, दगडफेक होत होती. बाबा मराठीच्या सभांना जायचे, एका सभेत बोललेही. मेस्तांचं घर अर्थातच कोंकणीचं. तरी तोपर्यंत कुंपणावरून बोलणं चालू होतं. बिनसलं ते एका कांतारावरून. तियात्रात परदा पडला की पुढचा उघडेपर्यंत गायक येऊन जे गाणं म्हणतात ते कांतार, बहुतेकदा राजकारणावर. कुणीतरी येऊन बाबांना सांगितलं की मेस्तांच्या मंडळीच्या तियात्रात एका मराठी मास्तराची टर उडवणारं कांतार आहे. गायलं दुसऱ्याने होतं, पण ट्रंपेट मेस्तांचा. बाबांनी ते फार मनाला लावून घेतलं. "शब्द त्यांचे नसतील, पण वाजवलं त्यांनी," एवढंच म्हणाले.

त्या नाताळला कोंसुवाद आला नाही. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला, देवनागरीतली कोंकणी राजभाषा आणि सरकारी कामात मराठीचाही वापर. ३० मे ला गोवा राज्य झालं, फटाके वाजले. चवथीला आई नेवऱ्यांचा डबा भरून उभी होती, बाबा म्हणाले, राहू दे. त्याही नाताळला ताट आलं नाही. आजी, जी कधी त्या ताटाला हात लावत नसे, तिनेच दोनदा विचारलं, "केळी आली नाहीत यंदा?"

१९८८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तियाने आईच्या हातात चार तिकिटं ठेवली. कला अकादमीत दुसऱ्या दिवशीचे नव्हे, नाताळनंतरच्या दिवसाचे दोन खेळ होते, एक दुपारी, एक संध्याकाळी. मधल्या वेळात घरी येऊन परत जाणं मेस्तांना जमणार नव्हतं, म्हणून तिया जेवण तिथेच नेणार होती. "गुरुजींना सांग, डुकराचं काही नाही," ती म्हणाली. आईने तिकिटं बाबांच्या चष्म्याखाली ठेवून दिली आणि काही बोलली नाही. बाबाही बोलले नाहीत. पण त्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा मागितला.

कांपालला मांडवीच्या काठावरची ती इमारत, चार्ल्स कोरियांची, तेव्हा नवीच म्हणायची. १९८३ ची. नाट्यगृहाला नाव दीनानाथ मंगेशकरांचं. बाबा त्या नावाकडे बघत जरा वेळ उभे राहिले. आत भिंतींवर मारिओ मिरांडांनी जुन्या थिएटरसारखे सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगवलेत. माझा धाकटा भाऊ खेळभर त्यांनाच बघत होता.

बाबांना तियात्र सुरुवातीला पचेना. संगीत नाटकावर वाढलेला माणूस, पद हे पात्राच्या तोंडचंच हवं. इथे गोष्ट चालू असताना मधेच परदा पडतो आणि गोष्टीशी काही संबंध नसलेला माणूस माइकपुढे येऊन महागाईवर गातो! पण लोकांनी वन्स मोअर दिला तेव्हा बाबा सावरून बसले. वन्स मोअर ही त्यांच्या ओळखीची गोष्ट. तिसऱ्या कांताराला त्यांचा पाय ताल धरत होता, मी पाहिलं. मास्तराचं कांतार आलंच नाही. मी पूर्ण वेळ धाकधुकीत.

मग कॅन्टीन. नदीच्या अंगाला, उकाडा नाही, वारा. दोन टेबलं जोडली. कॅन्टीनमधून चहा आणि पाणी घेतलं, बाकी सगळं तियाच्या डब्यांतून. ताडीवर फुगवलेली सान्नां, कोंबडीची शाकुती, सुपात शिजवलेला पुलाव, बिटाचं सलाद. सोरपोतेल वेगळ्या डब्यात होतं, तो डबा दुसऱ्या टोकाला बँडवाल्यांकडे गेला. शाकुतीला भाजलेल्या खोबऱ्याचा आणि खसखशीचा वास असा आला की आई म्हणाली, "ही तर आमचीच." तिया म्हणाली, "मग कुणाची?"

मेस्त काळ्या सुटात, ट्रंपेटची पेटी पायाशी. कुणी काही बोलेना. शेवटी तेच म्हणाले, "गुरुजी, जेवया मरे, थंड जाता." बाबांनी सान्न मोडलं, शाकुतीत बुडवलं, खाल्लं. मग पानात बघतच विचारलं, "ते मास्तराचं कांतार आता म्हणत नाही?"

"काढलं," मेस्त म्हणाले. "पब्लिक हसेना."

बाबा इतके मोठ्याने हसले की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळली. त्यावर मेस्तांना चेव आला. "बघा गुरुजी, आमचा पहिला तियात्र झाला मुंबईत, १८९२ साली. आणि तुमचे दीनानाथ जन्मले मंगेशीला. आता वाटणी कशी करायची?" बाबांकडे उत्तर होतं, ते त्यांनी अर्धा तास दिलं. त्यात बळवंत संगीत मंडळी आली, ज्ञानेश्वर आले, लिपी आली. मत कुणाचं तसूभर बदललं नाही. सहा वाजता बँडची हाक आली, तेव्हा मेस्त तोंड पुसत उठले आणि म्हणाले, जत्रेच्या नाटकाला व्हायोलिन हवं असलं तर तालमीची तारीख आधी कळवा, आयत्या वेळी नको.

उरलेली बेबिंका तियाने आमच्या डब्यात घातली. नारळाचं घट्ट दूध, साखर, जायफळ, आणि पिवळे बलक किती ते विचारू नका. एकेक थर ओतायचा, वरून निखाऱ्यावर भाजायचा, मग पुढचा. सातवर आमच्या तियाचं समाधान कधी झालं नाही.

घरी आजी जागी होती. तिने डबा उघडला, वास घेतला.

"अंडं आहे का यात?"

आई म्हणाली, "जायफळ आहे."

आजीने एक तुकडा खाल्ला. मग डबा आपल्या उशाशी ठेवायला सांगितला.