मांजरेच्या उगमाकडचे म्हातारपण

बीड जिल्ह्यातील पाटोदा पाहण्यासाठी लोक बहुधा पावसाळ्यात येतात. सौताड्याच्या रामेश्वरापाशी धबधबा कड्यावरून झेपावतो, नायगावच्या अभयारण्यात मोर दिसतात आणि याच तालुक्यातील बालाघाटाच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा सातशेहून अधिक किलोमीटर वाहत जाऊन गोदावरीला मिळते. आपण मात्र एकदा दिवाळीनंतर यावे.

तोवर मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली असतात. येथे अशा जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात. कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत अनेक वाड्यावस्त्यांवर मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या हवाली केलेली नातवंडे.

वैद्यकीय व्यवसायात आम्ही रक्तदाब मोजतो, साखर मोजतो. पण वृद्धाचे जीवनमान त्या आकड्यांत मावत नाही. साखर आटोक्यात असलेल्या आजींचे गुडघे दुखत असतील, तर रात्री उठावे लागू नये म्हणून त्या संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग बद्धकोष्ठता, लघवीची जळजळ, सकाळी उठताना भोवळ आणि भोवळीतून पडणे, अशी साखळी सुरू होते. मोतीबिंदू असलेल्या आजोबांना सकाळची गोळी कोणती आणि रात्रीची कोणती, हे कळत नाही. ऐकू कमी येत असेल, तर फडावरून आलेला मुलाचा फोन नातवाच्या हाती द्यावा लागतो. दोन शब्दांचा दिलासाही परस्परच जातो.

नातवंडांची जबाबदारी मात्र दुधारी आहे. पाणी भरणे, स्वयंपाक, आजारी लेकराची जागरणे यांनी शरीर थकते. पण कोणालातरी आपली गरज आहे, ही जाणीव माणसाला सकाळी उठवते. म्हणून वृद्धांना केवळ ‘आराम करा’ असे सांगू नये. जड काम कमी करावे. घरातील मान व निर्णयाचा अधिकार कायम ठेवावा.

सवलती आहेत. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, तर पासष्टीपासून अर्ध्या तिकिटात. २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान योजनेत रुग्णालयातील उपचारांसाठी कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळते. परंतु महिन्याच्या गोळ्यांचा खर्च त्यात बसत नाही. आणि वस्तीपासून एसटीच्या थांब्यापर्यंतची वाट दुखऱ्या गुडघ्यांनीच चालावी लागते.

आपली मुले फडावर असोत, पुण्यात असोत वा परदेशात, निघण्यापूर्वी एवढे करावे: डोळे व कान तपासून घ्यावेत, औषधे दरमहा कोण आणणार, हे नावानिशी ठरवावे, सकाळच्या व रात्रीच्या गोळ्या दोन वेगळ्या रंगांच्या डब्यांत ठेवाव्यात, शौचालयात धरायला पक्का दांडा आणि वाटेवर रात्रीचा दिवा लावावा, हाकेच्या अंतरावरील एका शेजाऱ्याला रोज डोकावण्याची विनंती करावी.

आणि फोनवर ‘बरे आहात ना?’ एवढेच विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी ‘बरं आहे’ हेच येते. आज कुठवर चालून आलात, काय जेवलात, पारावर कोण भेटले, असे विचारावे. प्रकृतीचे खरे वर्तमान त्या उत्तरांतून कळते.