भाऊचा धक्का ते दासगाव : पाण्याची वाट

दासगावला जायचे हे आईने ठरवले. पाण्याने जायचे हे आम्ही ठरवले आणि त्यापायी दोन दिवस घरच्यांची बोलणी खाल्ली. खांदेश्वरहून महाडला जायचे तर पनवेलला एस.टी. धरावी, दुपारच्या जेवणाला महाड. हे सोडून आमचा हट्ट असा, की डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब ज्या किनाऱ्याने गेले, त्या किनाऱ्याने जमेल तितके पाण्यावरून जावे.

वाचकांना महाडचा इतिहास नव्याने सांगायला नको. मात्र डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेला बाबासाहेब समुद्रमार्गे का गेले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या काळी जवळची वाट धरमतरवरून होती. बोटीने धरमतर, तेथून मोटारीने महाड. पण आपल्या लोकांना गाडीत घेणार नाही, अशी भाषा तिकडच्या मोटारमालकांनी सुरू केली. मग बाबासाहेबांनी लांबची वाट धरली. २४ डिसेंबरला दोनशेच्या आसपास मंडळींसह ते ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दासगाव बंदरात उतरले. तेथून महाड पाच मैल. ते अंतर मिरवणुकीने पायी काटले आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. मोटारवाल्यांनी वाट अडवली, ती समुद्राने दिली.

२६ जानेवारीला जोडून सुट्टी आली, तेव्हा आम्ही उभयता, कॉलेजात जाणारी मुलगी आणि पंचाहत्तरी गाठलेली आई असे चौघे पहाटेच्या लोकलने निघालो. डॉकयार्ड रोडला उतरून भाऊच्या धक्क्यावर आलो. (हा धक्का ज्यांनी बांधला ते भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. मुलीला वाटत होते, कोणीतरी पुढारी असावेत!) रेवसची लाँच लागलेली होती. पायऱ्यांवर शेवाळ, लाँच वरखाली होतेय. खलाशी पोरगा एकेकाला हात देऊन आत घेत होता. आईपुढेही त्याने हात केला. आई नुसतीच त्या हाताकडे पाहत उभी. मागची माणसे खोळंबली. शेवटी त्यानेच तिचा दंड धरला आणि तिला आत घेतले. आम्हाला वाटले, घाबरली असेल.

लाँच निघाली. मागे माझगाव गोदीतल्या बोटी, मग तेलाच्या टाक्यांचे जवाहर द्वीप, पलीकडे घारापुरी आणि न्हावा-शेव्याच्या क्रेन. आमचे वडील गोदी कामगार होते. पण समुद्रातून मुंबई कशी दिसते ते आम्ही या वयात पहिल्यांदा नीट पाहिले. रेवसच्या बाजूला आल्यावर एका कोळीणबाईने ‘रामदास’ बोटीची आठवण काढली. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ती बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून जास्त माणसे गेली. बाईंचा जन्मही तेव्हा झालेला नसणार, पण सांगताना आवाज खाली आला. लाँचमध्ये थोडा वेळ कोणी बोलले नाही.

रेवसला ओहोटी सुरू झाली होती. धक्क्याजवळ गाळ फार, पाणी उतरले की लाँचची पंचाईत होते. कुणाला जायचे असेल तर त्यांनी भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी. ऑफिसच्या घड्याळावर हा प्रवास चालत नाही. खांदेश्वरच्या आसपासच्या लोकांना उरणला जाऊन करंजाहून तर पार करून रेवस गाठता येते, ती वाट आम्हाला धक्क्यावर पोचल्यावर कळली. असो.

अलिबाग, मुरूड हा टप्पा एस.टी.चा. आगरदांड्याला पुन्हा पाणी. तेथून दिघीला फेरीबोट जाते. पुढचा लोखंडी रॅम्प जेटीवर आदळतो, मोटारसायकली, टेंपो, पर्यटकांच्या गाड्या आत शिरतात आणि उरलेल्या जागेत आपण. खाडीच्या तोंडाशी जंजिरा दिसतो. पुढे श्रीवर्धनला मुक्काम केला.

रात्री खोलीवर मुलीने विचारले, मुंबई ते गोवा सरळ बोट का नाही? होती. कोकणातल्या गावोगावच्या बंदरांना लागत आगबोटी जायच्या. कोकणातला मजूर गिरणी-गोदीत आला तो त्याच बोटींच्या डेकवर बसून. रस्ते वाढले, बोटी बंद पडत गेल्या, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. ग्रीस देशात अथेन्सजवळच्या पिरियस बंदरातून बेटाबेटांना प्रवासी बोटी जातात. ज्या बेटांवर हिवाळ्यात प्रवासी थोडे असतात, तिथली बोट सरकार पदरचे पैसे घालून चालू ठेवते. आपल्याकडे २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारी नेणारी मोठी बोट सुरू झाली, ती चांगलीच आहे. पण मंडणगडच्या म्हातारीला दवाखान्यात जायला तिचा काय उपयोग, असे आम्हाला वाटते.

दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वरवरून बागमांडल्याला आलो. इथे सावित्री नदी समुद्राला मिळते. पलीकडे वेसवी, म्हणजे मंडणगड तालुका. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यात आणि आईचे माहेरही. फेरीबोटीवर एक गृहस्थ भेटले. आधी ‘कुठले?’, मग ‘गाव कोणतं?’, मग ‘आडनाव काय म्हणालात?’ हा क्रम आपल्या सर्वांना पाठ आहे. आम्ही उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तोवर आई म्हणाली, “आम्ही बौद्ध. बाबासाहेब उतरले त्या दासगावला चाललोय.” गृहस्थ ‘बरं बरं’ म्हणाले आणि खाडीकडे पाहू लागले.

आणि मग आईने आपणहून सांगितले. १९६८ साली लग्न होऊन ती हर्णैहून बोटीने मुंबईला आली. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून तिच्यापर्यंत जावे लागायचे. पडावात आपल्या माणसांना सर्वांत शेवटी घेतले. बोटीला लागल्यावर पडाव हाले, तेव्हा खलाशी एकेका बाईला हात देऊन वर घेई. आईची पाळी आली तेव्हा त्याने हात मागे घेतला. नवी साडी, कमरेएवढी लाट आणि डोक्यावर ट्रंक. वडिलांनी खालून लोटले म्हणून ती वर गेली. “काल त्या पोरानं हात केला,” आई म्हणाली, “मला कळंना धरायचा का नाही.”

आमची मुलगी तिच्या शेजारी जाऊन बसली. आम्ही पाण्याकडे पाहत राहिलो. एवढ्या वर्षांत आईने हे घरात कधी काढले नव्हते. आम्ही सभांतून अस्पृश्यतेवर किती भाषणे केली त्याची गणती नाही.

वेसवीहून मंडणगड, तेथून म्हाप्रळच्या पुलावरून सावित्री ओलांडून महामार्गावर आलो आणि दासगावला उतरलो. मुंबईहून इथवर येणारी प्रवासी बोट आज नाही. खाडीवर गेलो तर पाणी उतरलेले, काठाला चिखल, दोन होड्या कलंडलेल्या. आईने चपला काढल्या आणि जाता येईल तितकी पुढे गेली. मेणबत्ती आणली होती, वाऱ्यावर टिकेना. तीन वेळा लावली. मग तिने विचारले, “बाबासाहेब उतरले तेव्हा त्यांना हात कुणी दिला असंल रे?”

आम्हाला सांगता आले नाही. त्या दिवशी हजारो लोक त्यांची वाट पाहत होते, एवढेच सांगितले. “मग दिला असंल कुणीतरी,” आई म्हणाली.

पाच मैल चालायचा आमचा विचार होता, पण आईचे गुडघे आणि महामार्गावरच्या गाड्या पाहून रिक्षा केली. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर तासभर बसलो. मुलीने आजीचा फोटो काढला, त्यात आजीचे डोळे मिटलेले आले. महाडहून पनवेलची एस.टी. मिळाली ती भरलेली. आईला एका मुलाने जागा दिली, आम्ही माणगावपर्यंत उभे होतो. खांदेश्वरला घरी पोचेस्तोवर रात्रीचे अकरा वाजून गेले.