गारठलेला माणूस पिलेला नसतो

परभणी म्हटले की लोकांना उन्हाळा आठवतो. पण आमच्या जिल्ह्याची थंडीही काही साधी नाही. डिसेंबर 2018 च्या अखेरीस कृषी विद्यापीठात पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरला होता. अशा रात्री गोधडीत शिरणारे आम्ही कारकून, आणि रात्रीची वीज आली की दुसऱ्याच्या गव्हाला पाणी द्यायला निघणारा सालगडी, दोघांची थंडी एक नसते.

आमचे चुलते सालाने होते. एका पहाटे ते बांधावर बसलेले सापडले. धोतर मांडीपर्यंत ओले, बोलणे अडखळत, उठवले तर पाय लटपटत. जमलेले लोक हसले, "नानांनी आज घेतलेली दिसते!" पंचशील घेतल्यापासून या माणसाने दारूला हात लावला नव्हता. तरी आम्हीसुद्धा मान खाली घातली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले, ही दारू नव्हे, थंडी आहे. नाना वाचले. पुढे एकदाच म्हणाले, "लोक हसले ते हसले, पण तूही?" ते अजून आम्हाला सलते.

म्हणून हे सांगणे. शरीराची ऊब साधारण 37 अंश असते. आतली ऊब 35 च्या खाली गेली की धोका सुरू होतो. त्यासाठी बर्फ लागत नाही. अंगावर ओले कपडे, वारा आणि रिकामे पोट असले की दहा अंशांतही माणूस गारठतो. आधी हुडहुडी भरते, बोटे वळत नाहीत. मग बोबडी वळते, झोप येते, माणूस भलतेच बोलतो. कापणे आपोआप थांबले तर बरे वाटले असे समजू नका. ती जास्त वाईट खूण आहे.

अशा माणसाला वाऱ्यातून आडोशाला न्यावे. ओले कपडे काढून अंग टिपावे. खाली कडबा किंवा गोणपाट टाकून आडवे करावे, डोक्यासकट घोंगडीत गुंडाळावे. कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून छातीशी आणि काखेत ठेवाव्यात. शुद्धीवर असेल, नीट गिळता येत असेल तरच गोड गरम चहा द्यावा. हातपाय चोळू नयेत, आगीला लावू नयेत, हिसके देऊन हलवू नये. दारू तर मुळीच नको. तिने वरवर ऊब वाटते, पण आतली ऊब निघून जाते. लगेच 108 ला फोन करावा. अंग थंडगार आहे म्हणून 'गेला' असे आपणच ठरवू नये.

पाणी द्यायला जाताना जेवून जावे, कानटोपी घालावी, कोरडा जोड सोबत न्यावा, एकट्याने जाऊ नये. ऊसतोडीच्या कोपीत किंवा बंद खोलीत शेकोटी पेटवून झोपू नये. तो धूर झोपेतच जीव घेतो.

दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात 2017 पासून सौर कृषी वाहिनी योजना आहे. आपल्या शिवारात ती पोचली नसेल तर ग्रामसभेत उठून विचारा. आणि पहाटे बांधावर कोणी अडखळताना दिसला, तर हसण्याआधी त्याचे धोतर ओले आहे का, एवढे पाहा.