२२ मिनिटांचा रुसवा

प्रिय छकुली,


तुझी कथा दोनदा वाचली. एकदा मावशी म्हणून, एकदा पेन्सिल घेऊन. मंगळावरचा अभियंता आणि पुण्यातली त्याची बायको, दोघंही मला आवडली. पण ती फोनवर आपल्यासारखी लगोलग बोलतात, तिथे मी अडले. मंगळ अगदी जवळ असतो तेव्हा संदेश पोचायला ३ मिनिटं लागतात, पार लांब असतो तेव्हा २२. अडचण समजून तू हे गाळलंस. अगं, तुझी कथा तर तिथेच आहे!

ती रागाच्या भरात काहीतरी लागट बोलते आणि मिनिटभराने पस्तावते. 'चुकलं माझं' म्हणते. पण दोन्ही निरोप प्रकाशाच्याच वेगाने निघालेले, मागचा पुढच्याला गाठणार कसा? ते मिनिट त्याने त्या शब्दांबरोबर एकट्याने काढायचं. आणि त्याचं उत्तर तिच्या हाती यायला पाऊण तास. त्या पाऊण तासात ती कुकर लावते, दोरीवरचे कपडे काढते, फोन पालथा ठेवते, पुन्हा उलटते. ते मला वाचायचंय.

शिवाय साधारण दर २६ महिन्यांनी मंगळ सूर्याआड जातो. संदेशांचा भरवसा राहत नाही, म्हणून नासा तिथल्या यानांना दोनेक आठवडे आज्ञाच पाठवत नाही. पंचांगात आधीच मांडलेला विरह! त्याच्या आदल्या रात्री ही दोघं काय बोलतील?

विज्ञान आलं की प्रेम कोरडं होतं, असं तू लिहितेस. मला नाही पटत. ऑड्री निफेनेगरची 'द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ' (२००३) वाच. त्यातला हेन्री काळात मागेपुढे फेकला जातो. क्लेअर त्याला लहानपणापासून ओळखते. तिच्या विशीत तो समोर येतो, तेव्हा त्याने तिला कधी पाहिलेलंच नसतं. कालप्रवास काढला तर त्या संसाराचं सुखदुःखच उरत नाही. तुझ्या अभियंत्याला मात्र उद्या दुबईला पाठवलं, तरी एक वाक्य बदलावं लागणार नाही.

स्पर्धेला पाठवायची भीती वाटत असेल तर टोपणनावाने पाठव. जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेला तशीच पाठवली होती. तिला पहिलं बक्षीस मिळालं.

ते फोनवरचं संभाषण फाडून टाक आणि दिवाळीच्या आत नवा खर्डा माझ्याकडे धाड.

तुझी,
मावशी