आहे की नाही? आणि किती वेळा?

महिनाअखेर आली की आम्हा पेरोलवाल्यांच्या पोटात गोळा येतो. तुमच्या मोबाइलवर पगार जमा झाल्याचा मेसेज वाजतो ना, त्यामागे आमची जागरणं असतात, बॉस! त्यातली सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे दोन याद्या जुळवणं. एक गेटवरच्या कार्ड मशीनची, दुसरी कंत्राटदाराच्या बिलाची. ६०० माणसं, प्रत्येकाच्या साधारण २६ शिफ्ट. म्हणजे एकेका यादीत १५,६०० नोंदी!

डोळ्यांनी हे होणं शक्यच नाही, म्हणून मी पायथन शिकले. पहिला मार्ग अगदी सरळ. एकेक नोंद उचलायची आणि दुसऱ्या लिस्टला 'काउंट' लावून विचारायचं, 'हा नंबर तुझ्यात किती वेळा आहे?' उत्तर बरोबर येतं. पण 'काउंट' दरवेळी यादी वरपासून खालपर्यंत चाळतं. १५,६०० गुणिले १५,६००, म्हणजे २४ कोटींहून जास्त तुलना. तोवर कॉफी पिऊन या, खुशाल!

दुसरा मार्ग 'सेट'चा. देवळाबाहेरचा चपला स्टँड आठवा. टोकन पाहिलं की तिथला माणूस थेट त्या खणात हात घालतो, सगळे खण धुंडाळत बसत नाही. सेटचा फंडा तोच. नंबरावरूनच खण ठरतो, त्यामुळे उत्तर चुटकीसरशी. मात्र एक गोची आहे. सेट प्रत्येक गोष्ट एकदाच ठेवतो. २६ वेळा आलेला माणूस आणि एकदाच आलेला माणूस, त्याच्या लेखी दोघे सारखेच.

आमच्या मजल्यावरच्या हाउसकीपिंगच्या मावशी एकदा डेस्कपाशी येऊन म्हणाल्या, ''मॅडम, मी २६ दिवस भरले, पगार २४ चाच आला. दोन खाडे लावलेत हो!'' सेटला विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, मावशी दोन्ही याद्यांत आहेत, सब ठीक है!

इथे कामाला येतो 'काउंटर'. २००९ च्या पायथन ३.१ पासून तो 'कलेक्शन्स' मॉड्यूलमध्ये आहे. तो यादीतून एकदाच फिरतो आणि प्रत्येक नंबरापुढे आकडा मांडत जातो. दोन याद्या, ३१,२०० नोंदी, संपलं! मग गेटच्या काउंटरमधून बिलाचा काउंटर वजा करायचा. उरतात फक्त जास्त भरलेल्या नोंदी. उलटी वजाबाकीही करायची, म्हणजे बिलात फुगवलेले दिवस सापडतात. दोघांमध्ये 'अँड'चं चिन्ह टाकलं, तर जुळलेल्या नोंदी किती, तेही कळतं.

त्याआधी साफसफाई मात्र हवीच. एका यादीत ४१७ हा आकडा आणि दुसरीत तोच नंबर मजकूर म्हणून असेल, तर पायथनसाठी ती दोन वेगळी माणसं! शेवटी चिकटलेली एखादी स्पेसही घोळ घालते.

वजाबाकीत मावशींच्या नंबरापुढे २ आला. त्या एकट्याच नव्हत्या. प्रिंटआउट कंत्राटदारासमोर ठेवल्यावर त्याला फारसं बोलता आलं नाही आणि फरक पुढच्या पगारात जमा झाला.

तेव्हापासून कुठलीही यादी समोर आली की मी आधी ठरवते, प्रश्न 'आहे का' असा आहे की 'किती वेळा' असा. पहिल्याला सेट पुरतो. दुसऱ्यात कुणाची तरी मजुरी असते, तिथे मोजावंच लागतं!